रुतलेल्या खोलीचे बळ



सज्जाचा कठडा कशाच्या बळावर उभा राहतो? बोल्टच्या, असे आपण म्हणतो. परंतु बोल्ट शाबूत राहून भोवतीचे काँक्रीटच शंकूच्या आकारात उखडून येऊ शकते. हा शंकू किती मोठा, हे बोल्ट किती खोल रुतला आहे यावर ठरते. खोली दुप्पट केली, तर काँक्रीटची पकड सुमारे २.८ पट होते. छिद्र कडेजवळ असेल, तर मात्र शंकू अपुरा राहून पकड घटते. गिलाव्याची जाडी तर या खोलीत धरायचीच नसते.

खोलीइतकेच महत्त्व चिकटवणाऱ्या द्रव्याला आहे. २००६ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे फलक मोटारीवर कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली. फलक पेलणारे बोल्ट इपॉक्सीने बसवलेले होते आणि ते इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू ढिले पडत गेले होते.

म्हणून कठडा बसवून घेताना रंगाआधी हे विचारावे : छिद्र काँक्रीटमध्ये किती खोल आहे? कडेपासून किती दूर आहे? त्यातील धूळ काढली काय? ६० वर्षांच्या आपल्या या वास्तूतही मुले रोज निःशंकपणे कठड्यांना टेकतात. त्यांचा तो विश्वास सार्थ ठरवणे, हे आपणा मोठ्यांचे काम आहे.