कालची मुलगी

१९७५ साली हुकूमशहा फ्रँको वारला आणि स्पेनची तरुणाई मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. माद्रिदमध्ये १९७८ साली आंतोनियो वेगाने नात्यातल्या भावासोबत, नाचो गार्सिया वेगासोबत, 'नाचा पॉप' हा बँड काढला.

सक्तीच्या लष्करी नोकरीत असताना व्हॅलेन्सियाच्या समुद्रकाठी आंतोनियोने 'कालची मुलगी' हे गाणे रचले. १९८० साली त्याची तबकडी निघाली. देशाला काल विसरायची घाई, आणि हा विशीतला पोरगा कालचीच आठवण काढतो! कवी म्हणून मला हेच भावते.

पण गीतकार दोघे, वाटाही दोन. १९८८ साली निरोपाच्या मैफली करून बँड थांबला. २००७ साली दोघे पुन्हा एकत्र आले. २००९ साली आंतोनियो गेला, अवघ्या ५१व्या वर्षी. त्याची 'कालची मुलगी' स्पेनमध्ये आजही गुणगुणली जाते.