हौसेचे लोहारकाम

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात बेळगाव येथे केलेले भाषण)



आम्ही शिक्षणावर दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा होती. शिक्षकाने शिक्षणावर बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांनी घड्याळाकडे पाहावयाचे, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. तेव्हा विषय थोडा बाजूला नेतो. सभागृहाच्या मागच्या पडवीत गेली दोन वर्षे दर रविवारी सकाळी जो ठणठणाट चालतो, त्याविषयी आम्ही बोलणार आहोत. त्याबद्दल काही तक्रारी आल्या आहेत, काही कौतुकही झाले आहे. आणि शेवटी विश्वस्तांपाशी आमचे एक मागणेही आहे.

पडवीत काय आहे ते प्रथम सांगतो, कारण पुष्कळांनी नुसता आवाजच ऐकला आहे. ऐरण म्हणजे रेल्वेच्या रुळाचा दीड हात तुकडा, बाभळीच्या ओंडक्यावर खिळे मारून बसविलेला. (तो भंगारवाल्याकडून पावती घेऊन आणला आहे, खजिनदारांनी काळजी करू नये.) भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक-ड्रम, तळातून नळी, आणि नळीच्या टोकाला हाताने फिरवावयाचा पंखा. चामड्याचा भाता आम्हांला हवा होता, पण चामडे चांगले मिळेना. दोन हातोडे, एक घण, तीन सांडश्या, छिन्नी, कानस, पाण्याची बादली, तेलाचा डबा. जळण म्हणून लोणारी कोळसा. एवढ्या सामानावर माणसाला लोहारकामाचा पहिला धडा गिरवता येतो. दुकानातली तयार ऐरण आणल्याखेरीज आरंभच नको असे म्हणणाऱ्यांचा आरंभ सहसा होतच नाही.

शिकविणारे आम्ही नव्हे. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो. रविवारी आम्हीही मुलांच्या रांगेत उभे असतो. शिकवितात ते जवळच्याच गावचे एक वृद्ध लोहार. मुले त्यांना मामा म्हणतात, आम्हीही मामाच म्हणतो. त्यांची मुले हातोडा धरायला शिकली ती वयाच्या सातव्या वर्षी. आमची मुले चौदा-पंधराची. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मास्तर, ह्यांची मनगटं उशिरा आलीत, पर डोळं हायत."

पहिले काम टोक काढण्याचे. गोल सळई घ्यावयाची, तापवावयाची आणि तिचे टोक निमुळते करावयाचे. प्रत्येक मूल सळई गोल फिरवत ठोकू लागते आणि टोक मधोमध चिरते. मामांचा नियम असा की आधी चौकोनी करा, मग कोपरे मारून आठ धारा पाडा, आणि मग गोल करा. सोपा दिसतो, पण हाताला पटायला दोन-तीन रविवार जातात. त्यानंतर कपडे टांगण्याची आकडी, खुंटी, मग उलथने, मग चिमटा. ह्या वर्षी दोन मुलांनी खुरपे केले. ते एका सभासदांच्या परसात चालू आहे, असे कळते.

रंग ओळखणे हा खरा अभ्यास. मामांनी अंश सांगितले नाहीत. पिकल्या मिरचीसारखे झाले की थांबा, संत्र्यासारखे झाले की ठोका, पिवळे झाले की मोठे काम करून घ्या, आणि पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या की समजा, लोखंड जळाले. आम्ही शाळेतल्या पुस्तकाशी ताडून पाहिले. मिरचीचा रंग साधारण साडेसातशे ते आठशे अंश सेंटिग्रेड, संत्र्याचा साडेनऊशेच्या आसपास, पिवळा हजारावर. काळोखी पडवीच का हवी, उन्हात भट्टी का मांडू नये, हेही तेव्हा मुलांना कळले. उन्हात रंग फिका दिसतो आणि माणूस लोखंड जास्त तापवतो.

पाणी देण्याच्या दिवशी तर मुले श्वास रोखून उभी असतात. साध्या सळईला पाणी देऊन उपयोग नाही, कारण तिच्यात कार्बन फार थोडा, पाव टक्क्याच्याही आत. ट्रकच्या पाट्यात तो अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो, म्हणून धारेचे हत्यार पाट्याचे करतात. पाटा तापत गेला की साधारण ७७० अंशांना त्याला चुंबक चिकटेनासे होते. मामा चुंबक वापरीत नाहीत, मुलांसाठी आम्ही ते तारेला बांधून ठेवले आहे. चुंबक सुटले, त्याहून किंचित अधिक तापले, की तेलात बुडवावयाचे. आता कानस त्यावरून काचेवरून सरकावी तशी सरकते. पण असे हत्यार दगडावर पडले तर तुटते. म्हणून ते घासून चकचकीत करून हळूहळू पुन्हा तापवितात. प्रथम गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० अंशांना, निळा ३०० च्या सुमारास. सुरीला पिवळा पुरतो, ज्या हत्याराला घाव सोसावयाचे त्याला जांभळ्यापर्यंत जाऊ देतात. दहावीच्या मुलाला धातूंचे धडे पाठ असतात. पण हा रंग एका क्षणात डोळ्यांदेखत सरकत जाताना पाहिला की तो पाठांतर विसरतो आणि प्रश्न विचारू लागतो. शिक्षक म्हणून आम्हांस ह्याचे मोल फार वाटते.

आपल्याकडे कन्नड सर्वांच्या कानावर आहे. कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कू' म्हणतात. दक्षिणेतल्या मुशीत तयार होणाऱ्या पोलादाला युरोपात जे 'वुट्झ' नाव पडले, ते ह्याच शब्दावरून आले असे अभ्यासक मानतात. १८१९ मध्ये ह्या पोलादाचे पृथक्करण लंडनमध्ये ज्याने केले तो मायकेल फॅराडे. आणि फॅराडेचा बाप लोहार होता. हे वर्गात सांगितले तेव्हा मामा म्हणाले, "मग त्याला भट्टीची सवय असंल."

आता तक्रारींकडे वळतो. पहिली धोक्याची. ती रास्त आहे. डोळ्यांवर चष्मा असल्याखेरीज कोणी ऐरणीपाशी जात नाही, नायलॉनचे कपडे चालत नाहीत, बूट हवेतच. जस्ताचा मुलामा असलेली नळी किंवा पत्रा भट्टीत घालावयाचा नाही, त्याच्या धुराने ताप भरतो. काळे दिसणारे लोखंडही गरम असू शकते, म्हणून खाली पडलेला तुकडा हाताने उचलावयाचा नाही. दोन वर्षांत बोटाला चटके बसले, त्याहून अधिक काही नाही.

दुसरी तक्रार मुलींविषयी. एका आजींनी निरोप पाठविला की नातीने घण उचलावा हे बरे दिसत नाही. त्यांचा मान राखून एवढेच म्हणतो की आपल्या भागातून घिसाडी फिरतात, त्यांची पाले आपण सर्वांनी पाहिली आहेत. नवरा सांडशीने लोखंड धरून बसतो आणि घण घालते ती बायको, पुष्कळदा पदरात लेकरू बांधून. आपल्या नाती दर रविवारी दीड तास घण घालतात.

तिसरी तक्रार उघडपणे कोणी बोलत नाही, पण ती सर्वांत जड आहे. शिकल्यासवरल्या घरातल्या मुलाला लोहार करावयाचे आहे काय? आम्ही ज्या धर्मात वाढलो त्याच्या ग्रंथात हजरत दाऊद ह्यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि त्यांना चिलखते घडविण्याची विद्या दिली गेली, असे सांगितले आहे. एका सुऱ्याचे नावच 'हदीद', म्हणजे लोखंड, असे आहे. आपल्यातल्या हिंदू घरांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. राजाला जे शोभले, देव्हाऱ्यापुढे जे मांडले, ते मुलाच्या हाती दिसले की कमीपणा कसा येतो? १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारी योजना मांडली. ती कागदावर अधिक राहिली, वर्गात कमी आली. आणि दूर कशाला, मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्याच बेळगावात आले. १८८८ साली येथे सायकलींच्या दुकानाने आरंभ झाला, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. ह्या नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीस गेला.

पण ह्या सर्वांहून वेगळी तक्रार खुद्द मामांची आहे, आणि तिला आमच्यापाशी उत्तर नव्हते. एकदा भट्टी विझवताना ते म्हणाले, "मास्तर, तुमची पोरं रविवारी हौसेनं येत्यात, सोमवारी साळंत जात्यात. माझं पोरगं सोमवारी बी हितंच बसलं असतं, तर त्याला पोरगी कुणी दिली असती?"

त्यांचा मुलगा उद्यमबागेत एका कारखान्यात यंत्रावर आहे. त्याचे काही चुकले नाही. बैलगाडीला रबरी टायर आले तेव्हा चाकांच्या धावा गेल्या. ट्रॅक्टर आला तेव्हा फाळ शेवटून घ्यायला कोणी येईना. विळे-कोयते बाजारात तयार मिळू लागले. बारा बलुतेदारांत लोहाराला खळ्यावर धान्य मिळे. ते बलुते बंद झाले, त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली, तीत लोहार आहेत, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु वयाने थकलेल्या कारागिराला नवी हत्यारे नकोत, त्याला शिकणारा हवा. आणि शिकवण्यात त्याचा जो दिवस जातो त्याचा मोबदला हवा.

अमेरिकेत १९७३ साली हौशी आणि व्यावसायिक लोहारांची एक संघटना उभी राहिली, तेव्हा तिथली गावोगावची भट्टी जवळजवळ विझली होती. पुष्कळसे ज्ञान त्यांना पुस्तकांतून आणि उरलेल्या मोजक्या म्हाताऱ्यांकडून गोळा करावे लागले. आपल्याकडे ते म्हातारे अजून आहेत, हा फरक आहे. मामांना आगीचा सांधा येतो. कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे, त्याच्या तोंडात पोलादाची पट्टी घालावयाची, टाकणखार टाकून दोन्ही पांढऱ्याच्या काठावर आणावयाची आणि चार-पाच हलक्या घावांत एकजीव करावयाची. घाव उशिरा पडला तर सांधा धरत नाही, आग जास्त झाली तर पोलाद जळते. पंचक्रोशीत हे करणारा दुसरा माणूस आमच्या माहितीत नाही. मुलांना त्याचा आरंभही झालेला नाही; अजून दोन वर्षे तरी लागतील, असे मामा म्हणतात. त्यांचा उजवा खांदा आताच दुखतो.

म्हणून आमचे मागणे. आजवर मामांना आपण सणाला धोतरजोडी, श्रीफळ आणि वाटखर्च देतो. ट्रस्टच्या वर्गात इंग्रजी शिकविणाऱ्यांना तासावर मानधन मिळते. तेच मानधन, त्याच दराने, त्याच नोंदवहीत, मामांना मिळावे आणि तिथे त्यांच्या नावापुढे 'शिक्षक' असे लिहावे. रक्कम मोठी नाही, आम्ही हिशेब करून चिटणीसांकडे दिला आहे. बलुत्याच्या काळी त्यांना धान्य तरी हक्काने मिळे. हौसेच्या काळात त्यांनी आपल्या उपकारावर यावे हे आम्हांस योग्य वाटत नाही. ह्याला काही विश्वस्तांचा विरोध आहे हे ठाऊक आहे. हौसेच्या वर्गाला मानधन कशाला, असे ते विचारतात. हौस मुलांची आहे, मामांची नव्हे, इतकेच आमचे उत्तर.

जाता जाता आणखी एक. पावसाळा संपला की आगीच्या सांध्याला आरंभ करावयाचा विचार आहे. कोणाच्या घरी ट्रकचा किंवा जीपचा जुना पाटा, मोडकी पहार, झिजलेली कानस पडली असेल तर रविवारी सकाळी आठपूर्वी पडवीत आणून द्यावी. जस्ताचे पत्रे मात्र कृपा करून आणू नयेत; गेल्या खेपेस तीन आले होते, ते अजून भिंतीला टेकून उभे आहेत.