नातवाच्या आठ फेऱ्या
(रौप्यमहोत्सवी क्रीडादिनी केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला होतो. नातू तिथल्या हायस्कूलात लांब पल्ल्याचा धावपटू. बाहेर बर्फ, तरी शाळा सुटली की पोरं टोप्या-हातमोजे घालून रस्त्यावर पळायची. तेही गप्पा मारता येतील इतकं सावकाश! मी म्हटलं, हा कसला सराव? नातू म्हणाला, "आजोबा, आत्ता पाया भरायचा. वेगाचं एप्रिलमध्ये बघू." आम्ही बँकवाले, मुदत ठेव म्हटल्यावर लगेच समजलं.

शर्यती मात्र छपराखाली. न्यूयॉर्कच्या आर्मरीत गेलो. पूर्वीचं लष्करी शस्त्रागार ते. आत २०० मीटरचा ट्रॅक, वळणं बाहेरच्या बाजूने उचललेली. १६०० मीटर म्हणजे आठ फेऱ्या. उघड्या मैदानावर चारच होतात. आतली हवा इतकी कोरडी, की शर्यत संपल्यावर सगळी पोरं खोकत असतात.

पहिल्या दोन फेऱ्या नातू सर्वांत पुढे. मी उभा राहून ओरडत होतो. पाचवीपासून मागे पडला तो पडलाच. शेवटून दुसरा. मी बोलून गेलो, "एवढं बर्फात पळून उपयोग काय?" गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

रात्री लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही बघायला आलात म्हणून तो सुरुवातीला एवढा सुटला."

पुढच्या शर्यतीला मी घड्याळ घेऊन बसलो, नुसत्या फेऱ्या मोजल्या. सातवा आला. आधीपेक्षा नऊ सेकंद कमी.