कामकरी की आश्रित?



बेघर माणसाविषयी आपल्या समाजात बहुधा दोनच वृत्ती आढळतात. एक त्याला हुसकावून लावते, दुसरी त्याला अन्नछत्राच्या पंगतीत बसवते. फ्रान्समधील एमाऊस या संस्थेने यापेक्षा वेगळी वाट धरली. तिची चिकित्सा आपण कार्यकर्त्यांनी केली पाहिजे.

१९४९ साली पॅरिसजवळ आबे पिएर हे धर्मगुरू एका मोडकळीस आलेल्या घरात राहत होते. ते त्यावेळी संसदसदस्यही होते. काळ्या पाण्याची शिक्षा भोगून परतलेल्या, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या एका मनुष्याला त्यांनी मदत देऊ केली नाही, उलट त्याच्याकडेच मागितली. बेघर कुटुंबांसाठी निवारे बांधण्याच्या कामाला त्याने हात लावावा, असे सांगितले. एमाऊसचा तो पहिला ‘सोबती’. १९५१ मध्ये पिएर यांची खासदारकी गेली, वेतन थांबले, आणि पैशासाठी ते रस्त्यावर भीक मागू लागले. हे सोबत्यांना रुचले नाही. भंगार वेचून विकण्याची कल्पना त्यांच्यातूनच पुढे आली. टाकून दिलेले फर्निचर, कपडे, भांडी गोळा करायची, दुरुस्त करायची, विकायची आणि त्यावर सर्वांनी जगायचे. आजही एमाऊसची घरे मुख्यतः याच उत्पन्नावर चालतात.

१ फेब्रुवारी १९५४ रोजी, कडाक्याच्या थंडीत, पिएर यांनी नभोवाणीवरून आवाहन केले. घराबाहेर काढल्याची नोटीस हाती धरून एक स्त्री पॅरिसच्या रस्त्यावर गोठून मेली होती. देणग्यांचा पूर लोटला. परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९५६ चा कायदा: हिवाळ्यात भाडेकरूला घराबाहेर काढण्यास त्याने बंदी केली. पूर ओसरतो, कायदा दरवर्षी थंडीबरोबर परत येतो.

(पिएर यांची मूर्ती मात्र आता देव्हाऱ्यात ठेवता येणार नाही. त्यांनी स्त्रियांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी २०२४ मध्ये एमाऊसनेच नेमलेल्या चौकशीतून बाहेर आल्या.)

आता दुखऱ्या जागेकडे वळू. सोबत्याला अन्न, निवारा आणि हातखर्च मिळतो. पण तो कायद्याने कामगार नाही. २००८ च्या फ्रेंच कायद्याने या व्यवस्थेला वेगळा दर्जा दिला व त्यात मालक-नोकर हे नातेच मानले नाही. सर्वत्र स्नेहभाव नांदत असता तर कदाचित हे चालले असते. २०२३ मध्ये लील शहराजवळच्या एका केंद्रात कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित सोबत्यांनी संप पुकारला. आम्हांला राबवून घेतले जाते, कामगार म्हणून मान्यता द्या, कागदपत्रे मिळवून द्या, अशी त्यांची मागणी होती. ज्याला संप करता येतो, तो आश्रित कसा?

आपल्याकडे पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्या सभासद बेघर नव्हत्या, बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. धंदा मात्र तोच, भंगाराचा. पण येथे आरंभच संघटनेने झाला. महापालिकेने ओळखपत्र मान्य केले आणि चोर समजून हटकली जाणारी बाई कष्टकरी ठरली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली.

आपल्या गावातील रात्रनिवाऱ्याला भेट द्याल, तेव्हा ब्लँकेटे किती वाटली हे व्यवस्थापक सांगतीलच. तेथे झोपणाऱ्यांपैकी कितींना रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र मिळाले, आणि कामावर जाणाऱ्यांच्या हाती मजुरी किती पडते, हे आपण विचारावे. आणि उत्तर मिळाल्यावर निवाऱ्यातल्या माणसांनाही तेच पुन्हा विचारावे.