पहिला तास आपला



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं नारायणगावात मनापासून स्वागत करतो. बाहेरगावचे लोक आमच्याकडे येतात ते टोमॅटोच्या बाजाराला, द्राक्षांच्या हंगामाला, ओझर-लेण्याद्रीच्या दर्शनाला, नाहीतर गावच्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला. आज एवढी मंडळी आकाशासाठी आली आहेत. या तालुक्यात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला याहून मोठा आनंद कोणता?

आकाशाशी या खोऱ्याचा संबंध जुना आहे. १९७१ साली इथे आर्वीला उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. पुढे प्रा. गोविंद स्वरूप रेडिओ दुर्बिणीसाठी जागा शोधत आले आणि त्यांनी खोडद निवडलं. डोंगरांची आडोशाची भिंत, रेडिओ गोंगाट कमी, आणि दक्षिणेकडचं आकाशही बरंचसं टप्प्यात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आज आमच्या शेतांमधून उभ्या आहेत. चौदा मध्यभागी आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. स्वरूप सर २०२० मध्ये गेले, जयंत नारळीकर सर २०२५ मध्ये. या दोघांनी पुणे जिल्ह्यात जे उभं केलं त्याच्या सावलीत आपण बसलो आहोत. त्यांना मी या व्यासपीठावरून आदरांजली वाहतो.

संमेलनाचा विषय ठरवताना समितीत बरीच चर्चा झाली. ग्रहणं, धूमकेतू, कृष्णविवरं असे लोकप्रिय विषय समोर होते. तरी आम्ही गॅमा किरण स्फोटांचा मागोवा हा विषय धरला, कारण या विषयात एकट्या मोठ्या दुर्बिणीचं काही चालत नाही. स्फोट होतो तो सेकंदांचा खेळ; तो उपग्रहाने टिपणं ही नुसती वर्दी. ज्ञान पदरात पडतं ते त्यानंतर जे मागे लागतात त्यांच्यामुळे. आणि पृथ्वी फिरते आहे, तेव्हा मागे कोणी लागायचं हे त्या घडीला रात्र कुठे आहे यावर ठरतं. आपल्या रेखांशावर रात्र असेल तर ती जबाबदारी आपली.

इतिहास पाहा. अणुचाचण्यांवर बंधन घालणारा १९६३ चा करार कोणी मोडत तर नाही ना, हे पाहायला अमेरिकेने वेला उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला. तो अणुस्फोटाचा नव्हता. रे क्लीबसेडेल आणि सहकाऱ्यांनी असे सोळा स्फोट गोळा करून १९७३ मध्ये ते जाहीर केले. त्यानंतर तब्बल चोवीस वर्षं जगाला हे स्फोट किती दूर होतात तेच ठाऊक नव्हतं! १९९१ ते २००० या काळात कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने २७०४ स्फोट मोजले. ते सगळ्या आकाशात सारखे विखुरलेले निघाले, पण अंतराचा वाद मिटला नाही. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला डॉन लॅम्ब आणि बोहदान पाचिन्स्की यांनी यावर जाहीर वाद घातला. एक म्हणत होते आपल्याच आकाशगंगेभोवती, दुसरे म्हणत होते अब्जावधी प्रकाशवर्षं दूर. तोवर हजारावर स्फोट हाताशी असून निकाल लागत नव्हता, कारण एकाही स्फोटाचा पाठलाग जमला नव्हता.

२८ फेब्रुवारी १९९७ ला तो जमला. इटली-नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने स्फोटाच्या जागी क्ष-किरणांची मागे राहिलेली झळाळी पाहिली, तिलाच आपण आफ्टरग्लो म्हणतो. ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीला त्याच ठिकाणी मंदावत जाणारा ठिपका सापडला. लगेच मे महिन्यातल्या दुसऱ्या एका स्फोटाचा वर्णपट हवाईच्या केक दुर्बिणीने घेतला आणि त्यावरून ०.८३५ ही अंतर सांगणारी ताम्रसृती मिळाली. अब्जावधी प्रकाशवर्षं! पाचिन्स्कींचं म्हणणं खरं ठरलं. त्या चमूत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, त्यात या कामाचाही वाटा आहे. मे महिन्यातल्या त्याच स्फोटाचा रेडिओ स्रोत डेल फ्रेल आणि कुलकर्णी यांनी पाहिला तेव्हा तो सुरुवातीचे काही आठवडे लुकलुकत होता, नंतर लुकलुकणं मंदावलं. बारीक स्रोत लुकलुकतो, फुगलेला लुकलुकत नाही. म्हणजे स्रोत फुगत होता, आणि किती वेगाने? जवळजवळ प्रकाशाच्या. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर निरीक्षणं वाटतात, कारण ती नुसत्या चिकाटीने, पुनःपुन्हा त्याच जागी पाहून मिळाली.

आपल्याकडचं पाठलागाचं काम जानेवारी १९९९ पासूनचं आहे. नैनितालच्या सुमारे एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीने तेव्हाच्या एका गाजलेल्या स्फोटाचा आफ्टरग्लो मोजला. २९ मार्च २००३ च्या स्फोटाच्या रेडिओ झळाळीचा खोडदच्या तबकड्यांनी पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्या काळात आमच्या गावातली पोरं त्या कुंपणाशेजारून शाळेत जात होती.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडं खोलात जातो. गॅमा किरणांना आरसा किंवा भिंग चालत नाही, मग दिशा कळते कशी? स्विफ्ट उपग्रहावर शिशाच्या पन्नास हजारांहून अधिक चकत्यांचं एक वेडंवाकडं छप्पर आहे आणि खाली संवेदकांची फरशी. खिडकीच्या जाळीची सावली जमिनीवर कुठे पडली यावरून ऊन कुठून येतंय ते आपण सांगतो, तसं त्या सावलीवरून संगणक दिशा काढतो. मग तो उपग्रह स्वतःच मिनिटभरात वळतो, आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखतो आणि जागा काही विकलांपर्यंत पक्की करतो. तोवर वर्दी जगभर गेलेली असते.

एक दिवस मला सविस्तर सांगायचा आहे. ९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी पौर्णिमा. संध्याकाळचे पावणेसात. आजवर नोंदलेल्या स्फोटांपैकी सर्वांत तेजस्वी स्फोट त्या वेळी पृथ्वीवर पोचला. असा स्फोट दहा हजार वर्षांत एखादा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्याचा विषुवांश १९ तास १३ मिनिटं, क्रांती उत्तर सुमारे २० अंश. त्या क्षणाचं गणित कागदावर मांडलं तर तो नारायणगावच्या माथ्यापासून तीनेक अंशांवर येतो. म्हणजे आपण त्या वेळी पटांगणात उभे असतो तर तो बरोबर आपल्या डोक्यावर होता! किरण वातावरणानेच अडवले. आयनांबरात मात्र त्यांनी खळबळ केली, तिची नोंद झाली. फर्मी उपग्रहाच्या संवेदकांची क्षमता काही काळ पुरी पडेना. स्विफ्टला तो स्फोट दिसला नाही. सुमारे त्रेपन्न मिनिटांनी तो भाग त्याच्या दृष्टीत आला, तेव्हा नुसता आफ्टरग्लोच एवढा प्रखर होता की त्यावरच उपग्रहाने वर्दी दिली. जागा आकाशगंगेच्या पट्ट्यालगतची, म्हणून ही आपल्याच आकाशगंगेतली एखादी नवी वस्तू असावी, असा पहिला अंदाज निघाला. पुढे काही तासांनी फर्मीच्या नोंदीशी ताळा जुळला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की ही दोन्ही एकच. मग चिलीतून ताम्रसृती आली, ०.१५१. तो प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता.

त्या रात्री आपल्या राज्यात लाखो लोक गच्चीवर जागे होते. पौर्णिमेचा उजेड निरीक्षणाला वाईट हे खरं. पण श्रवण ताऱ्याच्या वरचा तो भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरात पश्चिमेला भरपूर उंच होता, आणि दहा-बारा इंची दुर्बिणी कितीतरी महाविद्यालयांत कपाटात होत्या. हे मला लागतं.

दुसरी गोष्ट न दिसण्याची. ॲस्ट्रोसॅट हा आपला उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये गेला. त्यावरच्या सीझेडटीआय उपकरणाच्या भिंती शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जवळपास पारदर्शक होतात, म्हणून त्याला समोरच्याबरोबरच आजूबाजूचंही दिसतं. ते चालू झालं त्याच दिवशी त्याने एक स्फोट पकडला. आजवर पाचशेहून अधिक झाले. त्याची सगळी विदा पुण्यात आयुका संस्थेत येते. ४ जानेवारी २०१७ ला लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनाची गुरुत्वीय लहर टिपली. हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीला त्याच पट्ट्यात झपाट्याने मंदावणारा ठिपका दिसला. सगळ्यांना वाटलं, कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश सापडला! तसं असतं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासल्या. लहरीच्या क्षणी काहीच नव्हतं. पण सुमारे एकवीस तासांनंतर एक लांबलेला गॅमा किरण स्फोट होता, आणि तो ठिपका त्याचा आफ्टरग्लो निघाला. लहरीशी त्याचा काही संबंध नव्हता, जागेचा निव्वळ योगायोग. लहरीच्या क्षणी काही नव्हतं ही नोंद त्यांच्याकडे नसती तर गोंधळ कितीतरी लांबला असता.

म्हणून माझं इथल्या तरुण निरीक्षकांना कळकळीचं सांगणं आहे की ‘काही दिसलं नाही’ हा अहवाल पाठवायला संकोच करू नका. किती वाजून किती मिनिटं, किती सेकंदांची किती छायाचित्रं, कोणती गाळणी, आणि कितव्या प्रतीपर्यंतचे तारे त्यात उमटले, एवढं नेमकं लिहिलं की तो अहवाल मोलाचा. अमुक वेळी ठिपका सतराव्या प्रतीहून मंद होता, हे वाक्य प्रकाशाच्या उताराच्या आलेखावर आपली जागा घेतं. घड्याळ मात्र जीपीएसशी जुळवलेलं हवं. मिनिटाची चूक या कामात चालत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बर्टो मोनार्ड या हौशी निरीक्षकाने २००३ मध्ये एका स्फोटाचा आफ्टरग्लो स्वतः शोधून काढला होता. तिथे झालं ते लातूरला, सावंतवाडीला, चाळीसगावला का होऊ नये?

ऑगस्ट २०१७ ची ती प्रसिद्ध घटनाही ऐका. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचं मीलन, आणि पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट. आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा होत आले होते. पण त्या जागेचा नेमका नकाशा हाती आला रात्री साडेअकराच्या सुमारास, तोवर वासुकीतला तो भाग आपल्याकडे मावळून गेला होता. चिलीत रात्र पडली आणि एक मीटरच्या दुर्बिणीने दीर्घिका शोधली. पुढचे महिने खोडदने रेडिओवर त्याचा पाठलाग केला. नकाशा लवकर आणि बारीक मिळावा यासाठीच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २६०० कोटींना मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या मित्रांनो, ते केंद्र तुमच्या दारात येत आहे. वर्दी देणारं यंत्र तुमच्याकडे आणि तिच्यामागे धावणारे हात मात्र बाहेरचे, असं होऊ देऊ नका.

लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था चालवतात. ती उत्तम काम करते. पण पावसाळ्यात, ढगांत, बर्फवाऱ्यात एका जागेवर भिस्त ठेवून चालत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च निरभ्र रात्रींची कमी नाही.

यजमान म्हणून एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाच्या आखणीत खोडदच्या दुर्बिणींचा प्रश्न आला आणि आमच्या भागात त्यावर तीव्र बोललं गेलं. टोमॅटो वेळेत मुंबईला पोचावा असं वाटणाऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं रास्त आहे. दूरच्या स्फोटाची क्षीण झळाळी ऐकणाऱ्या तबकडीला शांतता लागते हेही तितकंच रास्त आहे. मी या मातीतला आहे, मला दोन्ही हवी आहेत. दुर्बीण नको म्हणणं सोपं आणि रेल्वे नको म्हणणंही सोपं. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून तांत्रिक मार्ग काढायला वेळ लागेल, तो दिला पाहिजे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला खोडदचं विज्ञान प्रदर्शन पाहायला इथली शाळकरी मुलं झुंडीने येतात. त्यांच्या आईवडिलांशी ही चर्चा मोकळेपणाने व्हावी एवढी माझी विनंती.

आता व्यवस्थेबद्दल. उद्या सकाळी सात वाजता खोडदला जाणाऱ्या बस कॉलेजच्या फाटकातून सुटतील. तिथे मोबाइल पूर्ण बंद ठेवायचे आहेत. आज रात्री जेवणानंतर पटांगणावर सगळ्या दुर्बिणी लावल्या जातील. दहा ते पहाटे चार या वेळात केव्हाही, आधी न सांगता, एका जुन्या स्फोटाचे सहनिर्देशांक ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवले जातील. तिथून तासाभरात प्रत्येक गटाने छायाचित्र घेऊन अहवाल द्यायचा आहे. स्फोट केव्हाच विझला आहे, तेव्हा दिसणार काही नाही. कोणाच्या दुर्बिणीत कितव्या प्रतीपर्यंतचे तारे उमटले ते लिहायचं. अहवालाचे कोरे तक्ते नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत, ते घेऊनच जेवायला जा. थंडी आहे, स्वेटर विसरू नका, चहा रात्रभर मिळेल. आमच्याकडून काही कमी-जास्त झालं तर हक्काने सांगा.

संमेलनाध्यक्षांना मी आता मार्गदर्शनाची विनंती करतो.