जलसंजीवनीची पुडी आणि लिटरचे माप



पावसाचे गढूळ पाणी विहिरींत उतरू लागले, की खेड्यापाड्यांतून मुलांच्या जुलाबांचे दिवस येतात. त्याची खूण प्रथम हजेरीपटावर उमटते. एखादी मुलगी तीन दिवस दिसत नाही, आणि धाकट्या भावाला हगवण लागली म्हणून ती घरी थांबली होती, असे मागाहून कळते. अशा वेळी घरातील आजी बहुधा बजावीत असते, "त्याला पाणी पाजू नकोस गं, प्यालेलं सगळं तसंच बाहेर पडतंय." आजीच्या सांगण्यात माया नाही असे कोण म्हणेल? डोळ्यांना दिसते त्यावरूनच तिने हा निष्कर्ष काढलेला असतो. परंतु जुलाबांनी मूल दगावते ते बहुतांशी अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्याचे पाणी तोडणे म्हणजे त्याला त्याच वाटेने पुढे ढकलणे होय.

मीठ व ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र आले, म्हणजे आतडे ती दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही अंगात जाते. जुलाब चालू असतानाही ही क्रिया सहसा बंद पडत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर विसंबून मोजलेले क्षार पिंपांतील पाण्यात कालविले आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी ते पाजविले. शेकडा सुमारे 30 असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत 3.6 पर्यंत उतरले. पाजणारे हात घरचेच होते. माप मात्र जाणत्यांनी केलेले होते.

आज पुडी आशाताईंकडे वा उपकेंद्रात मिळते. चूक होते ती पुढे. एक लिटर पाण्यासाठी असलेली 20.5 ग्रॅमची पुडी पेलाभर पाण्यात ओतली जाते, किंवा "आज थोडी, उद्या थोडी" म्हणून चिमटीने वापरली जाते. पाणी कमी पडले तर द्रावण तीव्र होऊन जुलाब वाढतात व रक्तातील मीठही धोकादायक पातळीस जाऊ शकते. पाणी अधिक झाले तर गुण उणावतो. आणि लिटर म्हणजे किती, हे घरात कोणास ठाऊक असते? तांब्या घरोघर निराळा.

येथे शिक्षकाचे काम आहे, आणि ते गणिताच्या तासालाच होण्याजोगे आहे. धारकतेचा पाठ शिकविताना मुलांना घरचा तांब्या आणावयास सांगावे. शाळेतील मापाने त्यात पाणी भरून लिटर कोठवर येतो ते प्रत्येकाने पाहावे, व तेथे खूण करून घ्यावी. तांब्या लहान असल्यास 200 मिलिलिटरचे पाच पेले मोजावेत. दहा वर्षांच्या मुलीने आईला ती खूण दाखविली, तर भिंतीवरील तक्त्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

हे द्रावण जुलाब थांबवीत नाही, हेही पालकसभेत स्पष्ट सांगावे. अन्यथा दोन तासांत गुण दिसला नाही म्हणून आई ते टाकून देते. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्यास 100 ते 200, असे चमच्याने किंवा घोटघोट पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. अंगावरचे दूध तोडू नये; मऊ भात, वरण चालू ठेवावे. जोडीला जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविका सांगेल त्या प्रमाणात 14 दिवस द्याव्यात. जुलाब थांबले तरी त्या मध्येच सोडू नयेत.

दुकानातील गोड फळपेये ही जलसंजीवनी नव्हेत. अशा पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरे वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती उगाच नव्हे.

शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, मूल मलूल होऊन पिईनासे झाले, तर घरी वेळ दवडू नये. पिता येत असेल तर वाटेतही द्रावण पाजीत त्यास दवाखान्यात न्यावे. कालविलेले द्रावण झाकून ठेवावे, आणि 24 तासांनंतर उरलेले ओतून देऊन नवी पुडी फोडावी.