मुलाशेजारची खुर्ची

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या संयुक्त मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सकाळपासून येथे पाणीपुरवठा, पटनोंदणी आणि पोषण आहार अशा महत्त्वाच्या प्रश्नांवर चर्चा झाली. त्यानंतर चित्रपटावर बोलणे म्हणजे भरल्या पंगतीनंतर विडा देण्यासारखे आहे, असे काहींना वाटेल. तथापि आपण सारेच पालक आहोत किंवा पालकांशी आपला रोजचा संबंध आहे. सणाच्या सुटीत नवा चित्रपट लागला, की लहान मुलाला कडेवर घेऊन घरची मंडळी तालुक्याला जातात. आता तर नवे चित्रपट घरच्या दूरचित्रवाणी संचावर आणि खिशातल्या मोबाइलवरही येतात. त्या दोन-अडीच तासांत मुलाच्या मनात काय घडते, याचा विचार कुणीतरी करावयास हवा.

भारतीय चित्रपटाचा आरंभही अशाच एका कुटुंबाच्या चित्रपट पाहण्यातून झाला, ही गोष्ट या निमित्ताने आठवते. असे सांगितले जाते, की १९११ च्या ईस्टरच्या सुमारास दादासाहेब फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन मुंबईच्या गिरगावातील एका चित्रपटगृहात गेले. पडद्यावर हलणारे प्राणी पाहून मुलगा थक्क झाला आणि घरी येऊन आईला सारे सांगू लागला. घरात कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सर्वांनाच घेऊन गेले. त्या दिवशी पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र होते. त्यातूनच आपल्या देवदेवतांना पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला. भालचंद्र त्यात रोहिदास झाला. सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून तिला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे करीत होत्या. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. या हकिगतीतला एक लहानसा भाग मला मोलाचा वाटतो. मुलाने जे पाहिले ते दुसऱ्या दिवशी साऱ्या घराने जाऊन पाहिले.

आजीची गोष्ट आणि नवा चित्रपट

आपल्याकडे मुलांना गोष्ट ऐकविण्याची परंपरा जुनी आहे. राक्षस, वनवास, सावत्र आई, मृत्यू हे सारे त्या गोष्टींत असे. परंतु सांगणाऱ्या आजीला पुढे काय आहे हे ठाऊक असे. मुलाचे डोळे मोठे झाले, की ती आवाज हलका करी. मूल मांडीवर सरकले, की राक्षसाला लवकर मारून टाकी. ऐकता ऐकता मूल झोपी गेले, तर उरलेला वनवास उद्यावर जाई.

नव्या चित्रपटाचे तसे नाही. पुढच्या क्षणी पडद्यावर काय येणार हे जसे मुलाला ठाऊक नसते, तसे बापालाही नसते. पडदा मुलाच्या डोळ्यांकडे पाहून थांबत नाही. अंधार आणि मोठा आवाज यांची त्यात भर पडते. अशा वेळी मूल पडद्याकडे पाहते आणि लगेच शेजारी बसलेल्या आईबापांच्या चेहऱ्याकडे पाहते. तेथे त्याला काय दिसते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दाखला काय सांगतो

येथे कायद्याची थोडी माहिती देणे माझे कर्तव्य आहे. चित्रपटांचे प्रमाणन १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ करते. सर्वांसाठी ‘यू’ आणि केवळ प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग दीर्घकाळ होते. १९८३ मध्ये त्यांत ‘यूए’ या वर्गाची भर पडली. बारा वर्षांखालील मुलांनी असा चित्रपट पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा आशय होता. २०२३ च्या दुरुस्तीने या वर्गाचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन भाग केले. ऑनलाइन मंचांना २०२१ च्या नियमांनुसार असेच वयोगट लावावे लागतात आणि तेरा वर्षांवरील गटाच्या चित्रपटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते.

यातला भेद नीट ध्यानात घ्यावा. ‘ए’ दाखल्याचा चित्रपट अठरा वर्षांखालील मुलास दाखविता येत नाही. आईवडील बरोबर असले तरीही नाही. दारावर वाद घालणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. ‘यूए’च्या तीन भागांतील वयाचा आकडा मात्र शिफारसवजा आहे. तो पाहून निर्णय पालकांनी घ्यावयाचा आहे. म्हणजे शासनाने अर्धे काम केले असून उरलेले अर्धे आपल्यावर सोपविले आहे. तिकीट काढताना आपण वेळ पाहतो, दर पाहतो. दाखला मात्र क्वचितच पाहतो.

घरचा अनुभव

परंतु दाखला पाहिला म्हणजे सारे झाले, असेही नाही. हे मी माझ्याच चुकीवरून शिकलो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘नाळ’ हा मराठी चित्रपट आला. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी तो दिग्दर्शित केला आहे. खेड्यातला एक हूड मुलगा, त्याचे सवंगडी, नदीकाठ आणि आई अशी ती सुंदर कथा आहे. त्यात मारामारी नाही, अभद्र भाषण नाही. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. आम्ही तिघे हौसेने गेलो. कथेतल्या मुलाला मध्येच कळते, की आपल्याला वाढविणारी आई ही आपली जन्मदात्री नव्हे. तेथून त्याचे जग ढवळून निघते.

परतताना मी मुलीला विचारले, “कसा वाटला?” ती म्हणाली, “छान.” मी समाधानाने मोटारसायकल सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून ती आईचा पदर सोडीना. शाळेला जाताना रडू लागली. पोट दुखते म्हणाली, म्हणून डॉक्टरांकडेही नेले. पोटात काही नव्हते. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तिने आईला विचारले, “आई, तू माझी खरी आई आहेस ना?”

तीन दिवस ते मूल हा प्रश्न एकटे वाहत होते. मी बापही होतो आणि लोकांना माहिती देण्याची नोकरी करणाराही होतो. पण माझ्या घरातली ही माहिती मला नव्हती. पत्नीने दिवा लावला, मुलीला जवळ घेतले आणि तिच्या जन्माची सगळी हकिगत पहाटेच्या रिक्षापासून सांगितली. मग म्हणाली, “त्या मुलाची आईसुद्धा खरीच होती बरं. तिनेच त्याला वाढवलं ना?” मुलगी थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मग तो रडला कशाला?” त्यावर आम्ही तिघे बराच वेळ बोलत बसलो. त्या रात्री ती स्वस्थ झोपली.

दोष चित्रपटाचा नव्हता. आजही तो मला आवडतो आणि पुढे मुलीने तो आपण होऊन पुन्हा पाहिला. दाखला दृश्ये पाहून दिला जातो. मुलाला मात्र एखादा अर्थ बोचतो आणि तो कुठे बोचेल हे कोणतेही मंडळ सांगू शकत नाही. चूक एवढीच, की “कसा वाटला?” या एका प्रश्नावर मी थांबलो. जे बोलणे तिसऱ्या रात्री झाले, ते पहिल्या संध्याकाळी व्हावयास हवे होते.

पालकांनी काय करावे

या अनुभवावरून चार गोष्टी सुचवितो. पहिली, लहान मुलाला नेण्यापूर्वी कथा थोडी तरी समजून घ्यावी. शक्य असल्यास घरातल्या एका मोठ्या माणसाने चित्रपट आधी पाहावा. ते न जमल्यास पाहून आलेल्या शेजाऱ्याला विचारावे, “त्यात मुलाला लागेल असे काही आहे का?”

दुसरी, मुलाला मधल्या खुर्चीवर बसवावे आणि आपला मोबाइल खिशात ठेवावा. घाबरलेल्या मुलाला “हे सारे खोटे असते” असे सांगून गप्प करू नये. चित्र खोटे असले, तरी भीती खरी असते. त्याचा हात हातात घ्यावा.

तिसरी, गरज पडल्यास उठून बाहेर यावे. तिकिटाचे पैसे वाया जातात हे खरे. मध्यमवर्गीय घराला ते लागतात, हेही खरे. पण बाहेर व्हरांड्यात पाच मिनिटे उभे राहिल्यावर पुष्कळदा मूलच म्हणते, “चला, पुढे काय झाले ते पाहू.”

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, घरी आल्यावर बोलावे. “आवडला का?” असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर एका शब्दात संपते. “त्या मुलाला तेव्हा काय वाटले असेल?” असे विचारावे आणि मग आपण ऐकावे.

शाळा व ग्रामपंचायत

शिक्षकांना माझी विनंती आहे, की सुटीनंतर मुले पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलू लागली, तर त्यांना लगेच पाठ्यपुस्तक उघडावयास सांगू नये. दहा मिनिटे बोलू द्यावे. घरी न निघालेला प्रश्न कधी कधी वर्गात निघतो.

मुलांसाठी चांगले चित्रपट नाहीत, ही तक्रारही पूर्णतः खरी नाही. मुलांच्या चित्रपटांसाठी १९५५ मध्ये बालचित्र समिती स्थापन झाली आणि २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मराठीत १९५३ च्या ‘श्यामची आई’पासून ‘टिंग्या’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘किल्ला’ यांपर्यंत मुलाच्या नजरेतून जग दाखविणारे चित्रपट झाले. ग्रामपंचायतीने हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन वर्षातून एक-दोनदा असा चित्रपट शाळेच्या पटांगणात दाखवावा. मात्र आईवडिलांना मुलांशेजारी सतरंजीवर बसवावे. मान्यवरांच्या खुर्च्या पुढे आणि मुले मागे, ही व्यवस्था त्या दिवसापुरती तरी मोडावी. चित्रपट संपताच सत्कार-समारंभ सुरू करू नयेत. मुलांना बोलते करावे.

बंधुभगिनींनो, गिरगावातून परतलेला तो मुलगा घरी येऊन बोलला आणि दुसऱ्या दिवशी सारे घर त्याच्याबरोबर गेले. आपल्या मुलांनाही सांगण्यासारखे पुष्कळ असते. माझ्या मुलीला ते सांगायला तीन दिवस लागले. आपल्या घरी तेवढा विलंब होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!